कोऱ्या चेकवरची सही: ओटीपीचं नेमकं काय चुकलं?

‘ओटीपी बंद होणार’ असा मेसेज अधूनमधून फिरतो आणि वाचणाऱ्याची पंचाईत होते. इतकी वर्षं ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हे आपल्याकडून घोकून घेतलं, ते कुठे अंगवळणी पडतंय तोवर ऐकू येतं की ओटीपीच कच्चा आहे. मग आजवर आपण कशाच्या भरवशावर होतो?

मेसेजात तथ्य आहे, पण अर्धंच. सिंगापूरमधल्या मोठ्या बँकांच्या बाबतीत जुलै २०२४ मध्ये जाहीर झालं, की ज्यांनी फोनवर बँकेचं डिजिटल टोकन (ॲपमधूनच ओळख पटवायची सोय) सुरू केलंय त्यांना खात्यात शिरायला यापुढे ओटीपी मिळणार नाही. युरोपीय संघात सप्टेंबर २०१९ पासून ऑनलाइन पेमेंटसाठी ग्राहकाची ‘भक्कम ओळख’ पटवणं कायद्याने सक्तीचं आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निर्देश काढले आणि ते लागू व्हायची तारीख ठेवली १ एप्रिल २०२६. त्यांत एसएमएसवरच्या ओटीपीला बंदी नाही. मात्र सगळा भार त्याच्यावरच राहू नये, बँकांनी दुसऱ्या वाटाही उघडाव्यात, असा रोख आहे.

तीन ठिकाणचे नियामक एकाच दिशेला का वळले, हे कळायला आधी पैसे पाठवणं म्हणजे काय ते बघावं लागतं.

## पैसे जातच नाहीत, निरोप जातो

एका बँकेतून दुसऱ्या बँकेत रक्कम पाठवली की नोटांचं पुडकं कुठेही हलत नाही. तुमची बँक तुमच्या खात्यातून रक्कम वजा करते आणि निरोप पुढे धाडते: या खात्यातून इतके, त्या खात्यात जमा करा. दोन्ही बँकांची स्वतःची खाती मध्यवर्ती बँकेत असतात. त्यांचा आपापसातला हिशेब तिथे मिटतो, एकेक व्यवहार लगेच किंवा बरेच व्यवहार एकत्र करून ठरावीक वेळाने. याला सेटलमेंट म्हणतात. सेटलमेंट झालं की व्यवहार पक्का. रक्कम परत हवी असेल तर ज्याच्या खात्यात गेली त्याची राजीखुशी लागते, नाहीतर पोलीस आणि कोर्ट.

चेकच्या काळात एक सोय होती, तिची तेव्हा किंमत कळली नाही: उशीर. चेक वटायला दिवस लागायचे आणि त्या दिवसांत बँकेला फोन करून पेमेंट थांबवता यायचं. आता निरोप काही सेकंदांत पोचतो. चूक किंवा लबाडी लक्षात यायला पूर्वी जी फट होती ती बुजली. त्यामुळे निरोप निघण्याआधीचा एकच क्षण उरतो, ज्यात बँकेला ठरवायचं असतं की हा सांगणारा खरोखर खातेदारच आहे का. या खात्री करून घेण्यालाच ऑथेंटिकेशन म्हणतात. आपण साधं ‘ओळख पटवणं’ म्हणू.

## दोन कुलपं, एकच खिळा

ओळखीचे पुरावे तीनच जातींचे असतात. तुम्हाला ठाऊक असलेलं: पासवर्ड, पिन. तुमच्याजवळ असलेलं: कार्ड, सिम, फोन, बँकेने दिलेलं एखादं यंत्र. आणि तुम्ही स्वतः: बोटाचा ठसा, चेहरा. यांपैकी किमान दोन वेगळ्या जातींचे पुरावे मागितले की ती भक्कम ओळख. नाव नवं असलं तरी प्रकार जुनाच आहे. एटीएमचं कार्ड जवळ असतं, पिन डोक्यात असतो. नुसतं कार्ड सापडून चोराला उपयोग नाही, नुसता पिन कळूनही नाही.

इथे ‘वेगळ्या जातींचे’ यावर सगळं अडलेलं आहे. पासवर्ड विचारून वर ‘तुमच्या पहिल्या शाळेचं नाव काय’ विचारलं तर दोन पुरावे झाले असं वाटतं, पण दोन्ही डोक्यातलेच. ज्याने बोलण्यात गुंगवून एक काढून घेतला, तो दुसराही काढून घेईल. दाराला दोन कुलपं लावायची आणि दोन्ही किल्ल्या एकाच खिळ्याला टांगायच्या, असा तो प्रकार.

स्मार्टफोनने हा घोळ वाढवला. बँकेचं ॲपही त्यातच, ओटीपीचा एसएमएसही त्यातच. मेसेज वाचायची आणि स्क्रीन बघायची परवानगी मिळवलेलं एखादं लबाड ॲप फोनमध्ये शिरलं, तर दोन्ही किल्ल्या त्याच्या हाती लागतात. म्हणून युरोपच्या आणि रिझर्व्ह बँकेच्या, दोन्ही नियमांत एक अट आहे: एक पुरावा फुटला तरी दुसरा शाबूत राहिला पाहिजे.

## ओटीपी गळतो कुठे

ओटीपीमागचा विचार वाईट नव्हता. सिम तुमच्याकडे आहे, तेव्हा सिमवर पाठवलेले आकडे जो सांगेल तो तुम्हीच. पण बँक आकडे सिमला पाठवत नाही, नंबरला पाठवते. तो नंबर आत्ता कोणत्या सिमवर आहे हे मोबाइल कंपनी ठरवते. तिथल्या कोणालातरी भुलवून तुमच्या नंबरचं नवं सिम काढलं, की तुमच्या फोनची रेंज जाते आणि आकडे भलतीकडे पोचतात. हे सिम स्वॅप.

त्याच्याही खालच्या थरात, जगभरातल्या मोबाइल कंपन्या एकमेकींशी बोलायला एसएस७ नावाची जुनी पद्धत वापरत आल्या. ती बनली तेव्हा जाळ्यातल्या सगळ्या कंपन्या भल्या आहेत हे गृहीत धरलेलं होतं. जानेवारी २०१७ मध्ये जर्मनीत चोरांनी नेमकं याच वाटेने ग्राहकांचे कोड स्वतःकडे वळवून खाती रिकामी केली आणि तिथल्या मोबाइल कंपनीने मे महिन्यात ते मान्यही केलं. त्याआधी २०१२ मध्ये ‘युरोग्रॅबर’ नावाने गाजलेल्या टोळीने आधी संगणकात आणि मग फोनमध्ये व्हायरस घुसवून चार देशांतल्या ३० हजारांवर ग्राहकांकडून सुमारे ३ कोटी ६० लाख युरो उचलले होते.

हे सगळं खरं असलं, तरी माझ्या मते ओटीपीचा खरा घात यांतल्या कशानेच होत नाही. तो फार साध्या गोष्टीने होतो. जरा जवळून बघू.

मेसेज येतो: तुमचं खातं थांबवलंय, इथे माहिती भरा. लिंक उघडते, पान हुबेहूब बँकेचं. तुम्ही युजरनेम आणि पासवर्ड भरता. तो पलीकडच्या माणसाच्या प्रोग्रामकडे जातो आणि त्याच सेकंदाला खऱ्या बँकेच्या पानावर भरला जातो. बँकेला वाटतं, तुम्हीच आलात. तुमच्यासमोर एक चक्र फिरत राहतं, ‘कृपया थांबा’. तेवढ्यात पलीकडे रक्कम भरून होते, पैसे घेणाऱ्याचं खातं भरून होतं, ‘पाठवा’ दाबून होतं. आता खरी बँक खऱ्या नंबरवर खरा ओटीपी पाठवते. तुमच्या पानावर चौकट उमटते: ‘पडताळणीसाठी ओटीपी टाका’. तुम्ही सहा आकडे टाकता.

झालं. यात कुठेही काही फोडलेलं नाही. सिम तुमचं, फोन तुमचा, मेसेज बँकेचा, आकडे बरोबर.

मेसेजात रक्कम लिहिलेली असते की, असं कोणी म्हणेल. असते ना. पण फोन वरच्या पट्टीत आकडे तेवढे ठळक दाखवतो, बरेचदा चौकटीत भरूनही देतो. बाकीचा मजकूर मी स्वतः शेवटचा कधी वाचला, मला आठवत नाही. तुम्हाला आठवतो?

## सही करताना चेकवर काय लिहिलंय?

म्हणजे बिघाड इथे आहे. ‘तू कोण’ या प्रश्नाचं उत्तर बँकेला बरोबर मिळालं. ‘तू नेमकं कशाला हो म्हणतोयस’ हा प्रश्न तुमच्यापर्यंत पोचलाच नाही. बँकेच्या बाजूला तो ओटीपी एका ठरावीक व्यवहाराशी बांधलेला असेलही, तुमच्या हातात मात्र ते नुसते सहा आकडे आहेत. तुम्ही सही केली ती कोऱ्या चेकवर. नाव आणि रक्कम दुसऱ्याने भरली.

यावरचा उपाय नावाने बोजड आहे, ‘डायनॅमिक लिंकिंग’, पण कल्पना सरळ आहे: आधी चेक भरा, मग सही घ्या. मंजुरीचा कोड रक्कम आणि घेणारा या दोहोंशी जखडलेला असतो. दोहोंपैकी एक जरी मागाहून बदललं तरी कोड बाद. आणि सही करणाऱ्याला त्या क्षणी दोन्ही गोष्टी दिसल्याच पाहिजेत. युरोपच्या कायद्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

जर्मनीत बँका यासाठी कॅल्क्युलेटरएवढं एक यंत्र देतात. त्यात आपलं कार्ड खुपसायचं. संगणकाच्या पडद्यावर काळेपांढरे पट्टे लुकलुकत असतात, त्यांच्यासमोर यंत्र धरायचं. ते पट्ट्यांतून व्यवहार वाचतं आणि स्वतःच्या इवल्याशा पडद्यावर दाखवतं: अमुक खात्याला, इतकी रक्कम. ओके दाबलं की कोड देतं. या यंत्राला इंटरनेट नाही, ब्लूटूथ नाही, अपडेट नाही. संगणकात व्हायरस असेल तर तो संगणकाच्या पडद्यावर तुम्हाला वाटेल ते दाखवू शकतो, पण बँकेकडे जे खातं गेलंय तेच यंत्रावर उमटतं. मला हे यंत्र फार आवडतं, कारण ते काही शिकायला तयार नाही. सुरक्षेच्या बाबतीत मठ्ठपणा कधीकधी गुण ठरतो.

फोनच्या ॲपमध्येही हेच करता येतं. ‘इतकी रक्कम, या नावाच्या खात्याला. मंजूर?’ असं वाक्य समोर येतं, तुम्ही बोट टेकवता आणि ॲप नेमक्या त्याच वाक्यावर सही करतं. ही सही म्हणजे काय, ते पुढे.

## अंगठी तुमच्याकडे, ठशाचा नमुना बँकेकडे

पासवर्ड असो, ओटीपी असो की दर ३० सेकंदांनी आकडे बदलणारं टोकन, या सगळ्यांत एक समान दोष आहे. गुपित दोन्हीकडे असतं. टोकनमधले आकडे बरोबर आहेत का हे पडताळायला सर्व्हरलाही तेच गुपित ठेवावं लागतं. मार्च २०११ मध्ये अशी टोकनं बनवणाऱ्या आरएसए या कंपनीच्याच जाळ्यात चोर शिरले आणि टोकनांशी संबंधित माहिती घेऊन गेले. ग्राहकांच्या खिशातली टोकनं धड होती, तरी ती मोठ्या संख्येने बदलून द्यायची वेळ आली.

यातून सुटायची, म्हणजे गुपित एकाच बाजूला ठेवायची कल्पना डिफी आणि हेलमन या संशोधकांनी १९७६ मध्येच मांडली होती. पूर्वी अंगठीवर मोहोर कोरलेली असायची, ती लाखेवर उमटवली की पत्र खरं. अंगठी धन्याच्या बोटात, ठशाचा नमुना ज्याला हवा त्याच्याकडे. खऱ्या अंगठीची नक्कल एखादा कसबी सोनार करूही शकेल. इथे गणित आडवं येतं: नमुन्यावरून ठसा खरा की खोटा हे चटकन ओळखता येतं, पण नमुन्यावरून अंगठी घडवणं आजच्या संगणकांना जमण्यासारखं नाही. बँकेचा सर्व्हर फुटला तरी चोराला मिळतात ते नमुने.

हल्ली ‘पासकी’ हा शब्द ऐकू येतो, तो याच जातीचा. पासकीत अंगठी फोनच्या किंवा संगणकाच्या जपून ठेवलेल्या कप्प्यात असते. बँक दर वेळी एक नवा यादृच्छिक मजकूर पाठवते, फोन त्यावर मोहोर उमटवून परत करतो. मार्च २०१९ पासून हे वेबचं अधिकृत प्रमाण आहे. त्यातली सर्वांत देखणी गोष्ट म्हणजे प्रत्येक अंगठी एकाच वेबपत्त्याशी बांधलेली असते. नकली पानाच्या पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे असेल तर तुमचं माझं लक्ष जाणार नाही. ब्राउझर मात्र अक्षर न् अक्षर जुळवतो आणि जुळलं नाही तर अंगठी बाहेरच काढत नाही. तुम्ही पुरते भुललेले असलात, आकडे द्यायला आतुर असलात, तरी द्यायला तुमच्याकडे काही नसतं.

पण पासकी दार उघडते, एवढंच. व्हायरस आधीच घरात शिरलेला असेल, तर आत जाऊन कोणता चेक भरला जातोय हे तिला कळत नाही. म्हणून दाराची किल्ली वेगळी आणि मोठ्या रकमेवरची सही वेगळी. ज्या बँका पासकी आणून सहीचा टप्पा गाळतील त्या अर्धंच काम करतील.

## बँका एकमेकींना कशा ओळखतात?

हा सगळा उपद्व्याप ग्राहकाच्या बाजूचा. बँकांचा आपापसातला निरोप तरी खात्रीचा असेल, असं वाटतं. ४ फेब्रुवारी २०१६ च्या रात्री काय झालं ते बघा.

देशोदेशींच्या बँका एकमेकींना निरोप पाठवायला स्विफ्ट हे जाळं वापरतात. त्या रात्री बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या नावाने न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला ३५ निरोप गेले, एकूण सुमारे ९५ कोटी डॉलर दुसरीकडे वळवा म्हणून. स्विफ्टच्या दृष्टीने निरोप अस्सल होते. चोर आधीच बँकेच्या संगणकांत मुक्काम ठोकून होते आणि कर्मचाऱ्यांची ओळख वापरूनच त्यांनी ते पाठवले.

त्या कचेरीत एक प्रिंटर होता. स्विफ्टच्या प्रत्येक व्यवहाराची नोंद त्यावर आपोआप छापली जायची. चोरांच्या प्रोग्रामने तोच गप्प केला. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तिथे साप्ताहिक सुट्टी. हजर असलेल्यांना ट्रेमध्ये कागद दिसले नाहीत आणि त्यांना वाटलं, प्रिंटर बिघडला असेल. प्रिंटर बिघडतात, कोणालाही तसंच वाटलं असतं. तो पुन्हा चालू होऊन न्यूयॉर्कने विचारलेल्या शंका कागदावर येईपर्यंत १० कोटी १० लाख डॉलर निघून गेले होते. ८ कोटी १० लाख मनिलातल्या एका शाखेत, २ कोटी श्रीलंकेत. श्रीलंकेची रक्कम परत आली, कारण निरोपात ‘फाउंडेशन’ या शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं आणि मधल्या बँकेतल्या कोणालातरी ते खटकलं. उरलेले निरोप अडण्यामागे मनिलातल्या शाखेच्या पत्त्यातला ‘ज्युपिटर’ हा शब्द होता. निर्बंध घातलेल्या एका जहाजाचं नाव तेच होतं.

एका देशाची तिजोरी शुद्धलेखनाने आणि योगायोगाने वाचली, हे वाचून हसावं की रडावं कळत नाही.

बँकांत ‘मेकर-चेकर’ ही जुनी शिस्त आहे: एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून मंजूर करायची. ती चांगलीच आहे, पण दोघांचे पासवर्ड चोराच्या हाती आले तर कागदावर माणसं दोन, खुर्चीत एकच. पुन्हा तोच खिळा, त्याच दोन किल्ल्या. या प्रकरणानंतर स्विफ्टने सदस्य बँकांसाठी सुरक्षेचे सक्तीचे नियम आणले. त्यांत निरोप पाठवणारे संगणक बाकी कचेरीपासून अलग ठेवणं आहे आणि नुसत्या पासवर्डवर आत न सोडणंही आहे.

## ‘माझ्या बोटाचा ठसा बँकेकडे जातो का?’

पासकीत तरी नाही. बोट किंवा चेहरा फोनच्या आतच जुळवला जातो. जुळला की कप्पा उघडतो आणि मोहोर उमटते. बँकेला पोचते ती मोहोर. ठसा फुटला तर बदलता येत नाही ही भीती रास्तच आहे, आणि म्हणूनच तो एका जागी गोळा न करण्याची ही रचना आहे.

## ‘फोन हरवला तर?’

हा प्रश्न लोक सहज म्हणून विचारतात, पण सगळ्यांत अवघड हाच आहे. नव्या फोनवर अंगठी कशी द्यायची? बँकेने ‘जुन्या नंबरवर ओटीपी पाठवतो, तो सांगा’ असं म्हटलं, तर एवढी तटबंदी उभारून मागचं दार उघडं ठेवल्यासारखं झालं. चोर भिंतीशी डोकं आपटत नाहीत, ते ‘पासवर्ड विसरलात?’ वर क्लिक करतात. चांगल्या बँका नवा फोन जोडल्यावर काही तास मोठ्या रकमा अडवतात, जुन्या फोनवर आणि ईमेलवर कळवतात, किंवा शाखेत बोलावतात. त्याचा त्रास होतो. चेकच्या काळातला तो हरवलेला उशीर मुद्दाम परत आणलाय, असं समजून मी तो सोसतो.

## ‘आणि मीच फसून सही केली तर?’

इथे यंत्रणा हात टेकते. फोनवर कोणी पोलीस बनून घाबरवतं, कोणी गुंतवणुकीचं आमिष दाखवतं, आणि तुम्ही स्वतः तुमच्या फोनवर, तुमच्या बोटाने, नाव आणि रक्कम वाचून मंजुरी देता. ओळख शंभर टक्के खरी. कुठलीही मोहोर, कुठलंही यंत्र हे पकडणार नाही.

त्यासाठी दुसरं टोक धरायला सुरुवात झाली आहे, पैसे घेणाऱ्याचं. पाठवण्याआधी खातेनंबरावरून खऱ्या खातेदाराचं नाव दाखवायचं. ब्रिटनमध्ये हे २०२० पासून आहे. एनईएफटी आणि आरटीजीएससाठी रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ ची मुदत दिली होती, युरो क्षेत्रातल्या बँकांना ऑक्टोबर २०२५ ची. ‘पोलीस ठाण्या’ला पाठवायचे पैसे एखाद्या अनोळखी माणसाच्या वैयक्तिक खात्यात चाललेत हे दिसलं, तर बोट क्षणभर थांबतं. सगळ्यांचं थांबेलच असं नाही.

ब्रिटनने एक पाऊल पुढे टाकलं. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे अशा फसवणुकीत ग्राहकाला ८५ हजार पौंडांपर्यंत भरपाई मिळते, त्याने अगदीच बेपर्वाई केली नसेल तर. ती भरायची दोन बँकांनी, निम्मी निम्मी: एक, जिने पैसे जाऊ दिले, दुसरी, जिने चोराला खातं उघडून दिलं.